प्रथम वर्षाच्या मुलांमध्ये नेतृत्व घडवायचं तर: कोकणातल्या महाविद्यालयांसाठी वर्षभराचा आराखडा

बारावी करून मुलं महाविद्यालयात येतात आणि पहिल्या महिन्याभरातच वर्गाचे दोन भाग पडतात. आठ-दहा मुलं सगळीकडे दिसतात. स्वागत समारंभात तीच, युवा महोत्सवाच्या तालमीत तीच, माईक धरायलाही तीच. बाकीचा वर्ग तास संपला की एसटी स्टँड गाठतो. तीन वर्षांनी निरोप समारंभात त्या आठ-दहा जणांचं कौतुक होतं आणि त्यांच्यात नेतृत्वगुण उपजतच होते असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. त्यांना पहिल्या महिन्यात एक काम मिळालं, ते जमलं, म्हणून दुसरं मिळालं. जे स्टँडवर गेले त्यांच्यावर कोणी काही सोपवलंच नाही.

हा आराखडा वर्गशिक्षकांसाठी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी आणि विद्यार्थ्यांचं काम मनापासून बघणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकासाठी आहे. यात व्यक्तिमत्त्व विकासाचं व्याख्यान नाही. दुसऱ्या कोणाचं तरी ज्यावर अडतं असं छोटं पण खरं काम, ठरलेल्या मुदतीत, लेखी नोंदीसह पुन्हा पुन्हा करायला मिळालं की मूल जबाबदारी पेलायला शिकतं. पुढचं सगळं त्याच एका गोष्टीसाठी आहे.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांत थोडीफार चौकट तयार असतेच. रासेयो आहे, एनसीसी आहे, आजीवन अध्ययन व विस्तार विभाग आहे. रासेयोच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. पण तिथल्या जागा मोजक्या. मी सांगतोय ते संपूर्ण वर्गासाठी आहे, आणि ते कॉलेजच्या वेळेतच बसवायचं आहे. का, ते पुढे येईल.

पायरी १: मुलांची माहिती घ्या, पण वेगळे प्रश्न विचारून

पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्या. छंद, ध्येय, आवडता नेता हे प्रश्न नकोत. त्यांची उत्तरं सगळ्यांची सारखीच येतात. चार प्रश्न पुरे होतात. घर कोणत्या वाडीत आहे आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता? घरचं कोणतं काम तुमच्यावाचून अडतं? गणपतीत, शिमग्यात, नमनाच्या लोकनाट्यात, वाडीच्या क्रिकेट स्पर्धेत तुमच्याकडे काय काम असतं? आणि करायला आवडलं असतं पण कधी मिळालं नाही, असं काम कोणतं?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं निवांत बसून वाचा. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा नमनाच्या तालमीला वीस माणसं फोन करून गोळा करत असतो. कोणी अंडरआर्म स्पर्धेच्या प्रवेश फीचा हिशेब ठेवलेला असतो. एखादी मुलगी आईच्या बचत गटाची वही लिहिते, कोणाचा हप्ता थकलाय ते तिला तोंडपाठ असतं. शिमग्यात पालखी कोणत्या घरी किती वाजता जाणार, मध्ये कोणाचा मान, कुठे थांबायचं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कार्यक्रमाचं वेळापत्रक कसं आखायचं ते वेगळं शिकवावं लागत नाही. ही मुलं कोरी नसतात. त्यांनी वाडीत केलेलं काम कॉलेजात कोणी विचारलेलं नसतं, इतकंच.

दुसऱ्या प्रश्नाचाही उपयोग आहे. मार्च-एप्रिलमध्ये आंबा-काजूच्या कामात घरी हात लागतो, कोणाला पहाटे मासळी घेऊन आईसोबत बाजारात बसावं लागतं. अशा मुलांना कोणत्या महिन्यात काम द्यायचं नाही, हे आधी कळलं की ती ‘बेजबाबदार’ ठरत नाहीत.

पायरी २: गट एसटीच्या मार्गावरून पाडा

सात-आठ जणांचा गट करा. मैत्रीवरून पाडलात तर बोलकी मुलं एका गटात जातात. हजेरी क्रमांकावरून पाडलात तर एक राहतो दापोलीच्या वाटेला, दुसरा खेडच्या, आणि तास संपल्यावर त्यांची गाठच पडत नाही. एकाच मार्गाने जाणारी मुलं स्टँडवर भेटतात, गाडीत बोलतात, अंधार पडला तर सोबत असते. मुलींच्या घरच्यांनाही हे बरं वाटतं.

यात एक अडचण आहे. एका मार्गावरची मुलं म्हणजे एकाच गावातली, कधी एकाच वाडीतली. गावकीतले रुसवेफुगवे, मानपान, जातीची अंतरं गटातही येतात. म्हणून एका गटात दोन मार्गांची मुलं घ्या. चार इकडची, चार तिकडची. सोबतही राहते आणि गावचा कारभार गटात शिरत नाही.

पायरी ३: कामं पाळीने द्या

प्रत्येक गटात चार कामं ठेवा: निमंत्रक, नोंद ठेवणारा, पैसे आणि सामान बघणारा, निरोप पोचवणारा. दर तीन आठवड्यांनी पाळी बदलायची. ‘कोण करणार?’ असं विचारू नका. विचारलंत की तोच हात वर येतो आणि तीन महिन्यांनी गट त्याच्या नावाने ओळखला जातो.

पाळीचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मोकळं सोडलं तर मुलींकडे रांगोळी, औक्षणाचं ताट आणि इतिवृत्ताची वही येते. मुलांकडे ध्वनिक्षेपक, मंडप आणि पैसे जातात. कोणी मुद्दाम करत नाही, पण दरवर्षी असंच होतं. पाळी लावली की जनरेटरवाल्याशी घासाघीस करायला मुलगी जाते आणि पाहुण्यांच्या नाश्त्याच्या बशा मुलगा लावतो. पहिल्यांदा दोघंही अवघडतात. अवघडू द्या.

बैठका दुपारच्या तासांमध्येच घ्या. संध्याकाळी पाचला बैठक ठेवली की आडगावातली निम्मी मुलं, आणि त्यातल्या बहुतेक मुली, आपोआप बाद होतात. कोकणात नेतृत्वाची संधी कोणाला मिळणार हे पुष्कळदा शेवटच्या गाडीची वेळ ठरवते. तालमीसाठी वा स्नेहसंमेलनासाठी उशीर होणारच असेल तर घरी तुम्ही स्वतः फोन करा. मुलीलाच ‘घरी विचारून ये’ सांगून मोकळं होऊ नका. कोण सोबत आहे, कोणत्या गाडीने येणार, कोणाच्या घरी थांबणार, हे तिच्या वडिलांना शिक्षकाच्या तोंडून ऐकायचं असतं.

पायरी ४: पस्तीस मिनिटांची बैठक

बैठक चालवता येणं हे नेतृत्वातलं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी शिकवलं जाणारं कौशल्य. निमंत्रकाने आदल्या दिवशी विषयपत्रिका द्यायची, तीन विषयांपेक्षा जास्त नाही. बैठकीत विषय वाचून झाला की आधी दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून आपलं मत कागदावर एका ओळीत लिहायचं. मग क्रमाने वाचायचं. सगळ्यांचं वाचून होईपर्यंत चर्चा नाही.

हा नियम साधा आहे, पण त्याने बैठक बदलते. ‘मॅडम, माका बोलूक जमाचा नाय’ म्हणणाऱ्या मुलीला सांगा, ‘बोलू नको गो, लिहिलंयस ते वाच फक्त.’ ती वाचते. चार बैठकांनंतर वाचता वाचता मान वर करून एखादं वाक्य जास्तीचं बोलते. मालवणीत बोलली, संगमेश्वरीत बोलली, तरी कोणी हसायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठणकावून सांगा. सूत्रसंचालनाची प्रमाण मराठी पुढे हळूहळू येते. पण आपल्या बोलीला हसणाऱ्या खोलीत पुन्हा कोणी तोंड उघडत नाही.

इतिवृत्तात तीनच रकाने ठेवा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. ‘कोण’च्या रकान्यात एकच नाव. ‘सर्वांनी मिळून’ असं लिहिलं असेल तर वही परत करा. पुढची बैठक त्याच तीन रकान्यांच्या वाचनाने सुरू होते.

पायरी ५: एक खरा प्रश्न तडीस न्या

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. ऑगस्टपासून प्रत्येक गटाने आपल्याला भेडसावणारा एक लहानसा प्रश्न निवडून त्याचा पाठपुरावा करायचा. स्टँडवरचा बंद नळ चालेल, वाचनालयाची वेळ चालेल. कोकणातल्या कॉलेजात बहुतेक गट एसटीच्या वेळेवर येऊन थांबतात, आणि तो प्रश्न शिकवायला उत्तम आहे, म्हणून तोच उदाहरणाला घेतो.

समजा तास साडेबाराला सुटतात, गावची गाडी सव्वाबाराला निघून जाते आणि पुढची थेट तीनला. मुलं लगेच म्हणतील, निवेदन देऊया, मोर्चा काढूया. थांबवा. आधी सहा दिवस मोजणी करायला लावा. दोघांनी स्टँडवर उभं राहायचं, त्या मार्गाची किती मुलं किती वाजता आली, किती वेळ थांबली, कशाने गेली, हे तक्त्यात भरायचं. ‘खूप मुलांची गैरसोय होते’ आणि ‘सहा दिवसांचा तक्ता सोबत जोडला आहे’ या दोन अर्जांना कार्यालयात मिळणारी वागणूक वेगळी असते.

मग दुसरी बाजू. सव्वाबाराच्या गाडीत आणखी कोण असतं? बाजार करून परतणाऱ्या बायका, सरकारी दवाखान्यातून सुटलेली म्हातारी माणसं, कदाचित पुढच्या गावच्या शाळेची मुलं. गाडी अर्धा तास पुढे गेली तर त्यांचं काय होईल? मुलांना वाहकाशी आणि चार प्रवाशांशी बोलायला पाठवा. आपल्या मागणीचा भार कोणावर पडतो हे विचारायची सवय याच वयात लागते. कधी मुलं परत येऊन सांगतात की गाडी हलवली तर म्हाताऱ्यांची पंचाईत होईल, त्यापेक्षा आपले तास वीस मिनिटं आधी सुटतील का ते प्राचार्यांना विचारूया. हा निष्कर्ष त्यांचा त्यांनी काढला तर वर्षाचं निम्मं काम झालं म्हणून समजा.

अर्ज द्यायचाच ठरला तर तो आगार व्यवस्थापकांच्या नावे, एका पानाचा. मजकूर असा असू शकतो:

‘आमच्या महाविद्यालयाचे तास दुपारी १२.३० वाजता संपतात. या मार्गावरील गाडी १२.१५ वाजता सुटते व त्यानंतरची गाडी ३.०० वाजता आहे. सहा दिवसांच्या नोंदीचा तक्ता सोबत जोडला आहे. १२.१५ ची फेरी १२.४५ वाजता सोडता येईल का, याचा विचार व्हावा ही विनंती. या बदलाबाबत सदर फेरीतील नेहमीच्या प्रवाशांशी आम्ही बोललो असून त्यांचे म्हणणेही सोबत दिले आहे.’

मागणी एकच, आणि ती प्रश्नाच्या रूपात. तक्रारीचा सूर नको, अधिकाऱ्यांच्या कर्तव्याची आठवण नको. प्राचार्यांचं पत्र सोबत लावा. कार्यालयात तिघांनीच जायचं: एक बोलणारा, एक कागद दाखवणारा, एक लिहून घेणारा. जाण्याआधी वर्गात एकदा तालीम करा. अधिकाऱ्याच्या जागी तुम्ही बसा आणि ‘आत्ता साहेब नाहीत, नंतर या’ असं म्हणून बघा. प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही. पंधरा दिवसांनी पोच घेऊन पुन्हा जायचं, महिन्याने पुन्हा. उत्तर नकारार्थी आलं तर कारण लेखी मागायचं. अगदीच काही कळेनासं झालं तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे, दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज होतो आणि उत्तराची मुदत साधारण ३० दिवसांची. पण तो रस्ता शेवटी. आधी माणसाशी बोलायला शिकू द्या.

पायरी ६: गणपतीची सुट्टी आणि ग्रामसभा

गणपतीत चाकरमानी येतात, वाडीच्या बैठका होतात, रस्त्यापासून वर्गणीपर्यंत विषय निघतात. मुलांना या सुट्टीत काम नको, फक्त एका बैठकीला मागे बसून बघायला सांगा. निर्णय खरा कधी झाला? बैठकीत, की आधीच ओटीवर? शेवटी बोलणाऱ्याचं का ऐकलं गेलं? गावातच राहणाऱ्या तरुणांचं मत कोणी विचारलं का? बायका कुठे बसल्या होत्या? परतल्यावर एक पान लिहून आणायचं, गावाचं आणि माणसांची नावं न लिहिता. अठराव्या वर्षी गावच्या बैठकीत सुधारणा करायला निघालेलं मूल घरच्यांना अडचणीत आणतं. बारकाईने बघायला शिकलेलं मूल पुढे दहा वर्षांनी तीच बैठक चालवतं.

ज्यांना अठरा पूर्ण झाली आहेत त्यांची मतदार नोंदणी याच सुमारास करून घ्या. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा वर्षात चार अर्हता तारखा (ज्या तारखेला अठरा पूर्ण असावी लागतात) असतात आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही देता येतो. गावच्या मतदार यादीत नाव आलं की ते मूल ग्रामसभेचं सदस्य झालं. २ ऑक्टोबर किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्याने एकच प्रश्न विचारावा, आणि तो आधी तुम्हाला दाखवावा.

पायरी ७: अंगमेहनतीचं एक काम, दिवाळीनंतर

वनराई बंधाऱ्यासारखं, म्हणजे मातीच्या गोण्या रचून पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी अडवण्यासारखं, दुसरं काम मला माहीत नाही. पऱ्याचं पाणी ओसरलेलं पण अजून वाहतं आहे, असे दिवस निवडा. ग्रामपंचायतीची परवानगी, दोन्ही काठांच्या जमीनवाल्यांचा होकार आणि खाली त्याच पाण्यावर भाजी करणाऱ्याशी बोलणं, ही तीन कामं गटांनी वाटून घ्यायची. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या चालू बांधकामांवरून गोळा करायच्या. पात्राची रुंदी-उंची मोजून किती लागतील याचा हिशेब मुलांनीच मांडायचा. गोणी पाऊण भरायची, तोंड दाभणाने सुतळी घालून शिवायचं, विटा रचतात तशी सांधे मोडून रचायची, खालचा थर रुंद आणि वरचा निमुळता, फटींत चिकट माती दाबायची, आणि जादा पाणी जायला मधला भाग थोडा खाली ठेवायचा.

भरलेल्या गोण्या माणसांच्या साखळीने पुढे जातात, आणि तिथे निमंत्रकाची परीक्षा असते. भरणारी मुलं जोशात असतात, पटापट ढकलतात. अर्ध्या तासात मधल्या मुलांचे खांदे भरून येतात, गोण्या पायाशी साचतात, कोणीतरी चिडतं. नवखा निमंत्रक टोकाला उभा राहून ‘चला, आटपा’ म्हणत असतो. तुम्ही काही बोलू नका. काही निमंत्रक आपसूक मध्ये येऊन उभे राहतात, दमलेल्याला भरायच्या जागी पाठवतात, वेग कमी करतात. बाकीच्यांना संध्याकाळी चहा पिताना विचारा, ‘मधली मुलं कधी बसली? कोणी बघितलं?’ तेवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी ते टोकाला उभे राहत नाहीत.

पावसाळ्यातल्या आपत्तीबद्दल वेगळं सांगायला हवं. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर, हे या मुलांनी घरात बसून पाहिलेलं आहे आणि अशा वेळी धावून जायची त्यांची तळमळ खरी असते. पण प्रथम वर्षाच्या मुलाला पाण्यात, दरडीखाली, तुटलेल्या तारांजवळ कधीही पाठवू नका. त्यांचं काम आधीचं आणि नंतरचं. जूनमध्येच वाडीची यादी करायची: कोणत्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठे गरोदर बाई आहे, कुठे म्हातारं जोडपं एकटं राहतं, कोणाचा फोन नंबर काय. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि तातडीचा ११२ हे क्रमांक प्रत्येक घरी चिकटवायचे. व्हॉट्सॲपवर आलेला धरण फुटल्याचा निरोप तहसील कार्यालयाकडून खात्री करून मगच पुढे पाठवायचा. पूर ओसरल्यावर कोणाच्या घरी काय पोचलं, याची नोंद ठेवायची. नीट ठेवलेली यादी नसेल तर रस्त्यालगतच्या घरांत चार वेळा मदत जाते आणि वरच्या वाडीत एकदाही नाही.

पायरी ८: पैसे

स्नेहसंमेलनात प्रत्येक गटाला थोडी रक्कम खर्चायला द्या, पाचशे रुपये असले तरी चालतील. नियम दोनच. पैसे दोघांच्या सहीने बाहेर पडतात, आणि कार्यक्रमानंतर तीन दिवसांत जमाखर्च पावत्यांसह सूचना फलकावर लागतो. आजकाल वर्गणी एकाच्या मोबाईलवर जमा होते आणि त्याच्या स्वतःच्या पैशांत मिसळते. मन साफ असूनही हिशेब लागत नाही आणि मुलगा उगाच बदनाम होतो. म्हणून जमा झालेली रक्कम त्याच दिवशी वहीत आणि गटाच्या ग्रुपवर नोंदवायची.

काम फसलं तर

फसणारच. निमंत्रक ध्वनिक्षेपकवाल्याला फोन करायला विसरेल आणि कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी तुमच्यासमोर रडवेला उभा राहील. त्या वेळी तुम्ही फोन लावू नका, मग तो माणूस तुमच्या ओळखीचा असला तरी. ‘आता काय काय करता येईल?’ विचारा आणि वाट बघा. माईकशिवाय कार्यक्रम झाला तरी आकाश कोसळत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर खडसावूही नका. वहीच्या तीन रकान्यांत नाव आणि तारीख आहेच, ती त्याला वाचता येते. त्याची पाळी मात्र काढून घेऊ नका. काम फसल्यावर पुन्हा काम मिळालं, हा अनुभव अनेक मुलांना घरीही मिळालेला नसतो.

तीन ठिकाणी मात्र ताबडतोब मध्ये पडा: जिवाला धोका असेल तिथे, पैशांची लपवाछपवी असेल तिथे, आणि जात, रंग, बोली, कपडे किंवा गरिबीवरून कोणाचा अपमान होत असेल तिथे. वरच्या वर्गातल्यांनी ‘नेतृत्व शिकवतो’ म्हणून नव्या मुलांना राबवणं हेही यातच आलं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि त्यात संस्थाप्रमुखाचीही जबाबदारी आहे.

शेवटची पायरी: मार्चमध्ये वही पुढे द्या

गुण देऊ नका, ‘उत्कृष्ट नेता’ असं पारितोषिक तर नकोच. ते पुन्हा त्याच आठ-दहा जणांकडे जाईल. त्याऐवजी प्रत्येक पाळीच्या शेवटी तीन ओळी लिहून घ्या: मी काय केलं, कोणावर अवलंबून होतो, पुढच्याला काय सांगेन. मार्चमध्ये, परीक्षेच्या आधी, हे सगळं एका वहीत आणा. मंडपवाल्याचा आणि नाश्तेवाल्याचा नंबर, सभागृहाची किल्ली कोणाकडे असते, कोणत्या कार्यालयात कोणत्या वारी गेलं तर माणूस भेटतो, काय फसलं आणि का. पहिल्या पानावर अपुरी राहिलेली कामं: आगाराला दिलेल्या अर्जाची तारीख, पोचेची प्रत, शेवटच्या भेटीत काय उत्तर मिळालं, आणि पुन्हा कधी जायचं आहे.

नवीन वर्ग सुरू होईल त्या पहिल्या आठवड्यात त्याच मार्गाच्या नव्या गटाला जुन्या गटाने ही वही समोर बसून समजावून द्यायची. पहिल्या पानावरच्या कामाची पुढची तारीख नव्या निमंत्रकाने तिथेच स्वतःच्या हाताने लिहायची.